उणे पंचेचाळीसच्या वेगाची गाडी

दहावीच्या बीजगणितातलं हे शाब्दिक उदाहरण तुम्हीही सोडवलं असेल. एक गाडी एकसमान वेगाने ३६० किमी जाते. वेग ताशी ५ किमीने जास्त असता, तर तिला १ तास कमी लागला असता. गाडीचा वेग किती?

वेग क्ष धरला की समीकरण येतं: क्ष² + ५क्ष = १८००. उत्तरं दोन, ४० आणि −४५. मग ‘परंतु वेग ऋण नसतो’ असं लिहायचं आणि −४५ वर काट मारायची. पूर्वपरीक्षेत मी ते वाक्य लिहिलं नाही, अर्धा मार्क गेला. वेग ऋण नसतो, तर ते उत्तर आलंच कुठून, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

हा प्रश्न बराच जुना आहे. वर्गसमीकरण सोडवायची श्रीधराचार्यांची एक युक्ती भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘बीजगणित’ ग्रंथात त्यांच्या नावानिशी दिली. आपल्या गाडीवर ती चालवून पाहू. दोन्ही बाजूंना ४ ने गुणा, २५ मिळवा. डावीकडे (२क्ष + ५)² होतं, उजवीकडे ७२२५, म्हणजे ८५ चा वर्ग. पण −८५ चा वर्गही तोच! धन संख्येला दोन वर्गमुळं असतात, हे भास्कराचार्यांनी स्पष्ट सांगितलं आहे. दुसरं उत्तर येतं ते इथून.

मग कुठलं ठेवायचं? त्यासाठी त्यांनी माकडांची दोन उदाहरणं घातली. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग रानात खेळतोय, १२ माकडं टेकडीवर आहेत. उत्तरं ४८ आणि १६, दोन्ही चालतात. दुसऱ्यात कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून त्याचा वर्ग केला, तेवढी माकडं गुहेत गेली. उरलेलं एक फांदीवर दिसतंय. उत्तरं ५० आणि ५. आता ५ तर धन आहे, समीकरणातही बसतं. तरी भास्कराचार्य ते नाकारतात, कारण पाचाचा पाचवा भाग १, त्यातून ३ कशी काढणार? उणे दोन माकडं लोकांना पटत नाहीत.

म्हणजे ऋण दिसलं की काट, असा सरसकट नियम नाही. प्रत्येक उत्तर घेऊन गोष्टीत परत जायचं आणि ते तिथे बसतं का पाहायचं.

तसं मी −४५ घेऊन परत गेलो. त्यात ५ मिळवले की −४०. म्हणजे ४० आणि ४५ हीच जोडी, फक्त चिन्हं उलटी आणि जागा बदललेल्या. ४५ हा तर वाढवलेला वेग! मी काट मारली होती त्या आकड्यात दुसऱ्या गाडीचं उत्तर होतं.

आता कामावर कोडमधून ऋण वेळ आली, की ती गाळणारी ओळ टाकण्याआधी मी थांबतो. एकदा तर सुरुवातीची आणि शेवटची वेळच उलटी भरलेली निघाली.