खुब्यांची मोजदाद

‘खुबा मोडला’ हे शब्द आपल्या घरांत पूर्वी ज्या आवाजात उच्चारले जात, तो आवाज तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. म्हातारी न्हाणीत घसरली, खुबा मोडला, असे कुणी सांगितले की ऐकणारा पुढचे विचारत नसे. पुढचे ठाऊकच असे. खाट, पाठीला झालेल्या जखमा, सुनेची किंवा लेकीची धावपळ आणि काही महिन्यांनी आलेला निरोप. आज त्याच घरांत ‘खुबा बदलला’ असेही ऐकू येते आणि बदललेल्या खुब्याची बाई काठी टेकत नातवाच्या लग्नाला उभी असते. या दोन वाक्यांमध्ये सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. पण तो इतिहास सगळ्या देशांच्या वाट्याला सारखा आलेला नाही. त्याच्याविषयीच आज बोलायचे आहे.

शाळेच्या पुस्तकात या सांध्याला ‘उखळीचा सांधा’ म्हणतात. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो आणि उखळातल्या मुसळासारखा सगळीकडे फिरतो. दोन हाडांच्या मध्ये कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. तो झिजला की हाडावर हाड घासू लागते. मग माणसाला पायात चप्पल सरकवता येत नाही, जिना चढवत नाही आणि रात्री कूस बदलली तरी जाग येते. या दुखण्याने माणूस मरत नाही. त्याचे जग मात्र लहान होत जाते. आधी गाव, मग गल्ली, मग घर, मग खाट.

हा सांधा बदलता येईल, असे मनावर घेणाऱ्या पहिल्या माणसांपैकी एक होता बर्लिनचा थेमिस्टोक्लिस ग्लुक. १८९०च्या सुमारास त्याने हस्तिदंताचे सांधे घडवले आणि ते रुग्णांच्या शरीरात बसवले. त्याचे रुग्ण मुख्यतः हाडाच्या क्षयाचे होते. जंतुसंसर्ग आटोक्यात ठेवण्याची साधने तेव्हा अपुरी होती. सांधे सडले आणि कल्पना मागे पडली. पुढे १९२३मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी हाडाच्या गोळ्यावर चक्क काचेची टोपी बसवून पाहिली. शरीराने काच स्वीकारली, पण काच फुटायची. मग त्यांनी मिश्रधातूची टोपी केली. लंडनमध्ये फिलिप वाइल्स यांनी १९३८मध्ये गोळा आणि वाटी, दोन्ही पोलादाची बसवली. लगेच महायुद्ध आले आणि त्या रुग्णांचे पुढे काय झाले याच्या नोंदी बहुतांशी हरवल्या. नोंदी हरवण्याचा हा मुद्दा लक्षात ठेवा. त्याकडे पुन्हा यायचे आहे.

महायुद्धानंतर पॅरिसमध्ये ज्युडे बंधूंनी अॅक्रिलिकचा गोळा आणला. तो काही वर्षे चालायचा आणि मग झिजायचा किंवा तुटायचा. त्याचा एक किस्सा सांगतात. असा गोळा बसवलेल्या एका रुग्णाचा खुबा इतका करकरायचा, की त्याची बायको त्याच्या आसपास असणेच टाळू लागली. ऐकणारे हसले असतील. जॉन चार्नली नावाचा एक इंग्रज सर्जन मात्र हसला नाही. हा सांधा करकरतो म्हणजे घर्षण होते आहे, आणि घर्षण होते आहे म्हणजे तो आज ना उद्या सैल होणारच, असे त्याने ओळखले. निरोगी सांध्यात तर बर्फावर बर्फ घसरावा इतके कमी घर्षण असते.

चार्नलीने काम केले ते लंडनच्या मोठ्या इस्पितळात नव्हे. लँकेशायरमध्ये विगन गावाजवळ रायटिंग्टन येथे क्षयरोग्यांचे एक जुने इस्पितळ होते, तिथे. त्याने गोळा पोलादाचा आणि मुद्दाम लहान, बावीस मिलिमीटरच्या आसपासचा ठेवला. वाटी केली टेफ्लॉनची, म्हणजे आज आपल्या नॉनस्टिक तव्यांवर जो लेप असतो त्याची. दोन्ही भाग हाडात पक्के बसावेत म्हणून दंतवैद्यकात वापरले जाणारे अॅक्रिलिक सिमेंट घेतले. १९५८पासून जवळपास तीनशे रुग्णांना असे खुबे बसवले गेले. सुरुवातीला लोक आनंदाने चालू लागले आणि दोन-तीन वर्षांत परत येऊ लागले. टेफ्लॉन झिजत होते आणि त्याचा चुरा आजूबाजूचे मांस-हाड पोखरत होता. हा चुरा खरोखर घातक आहे का, हे पाहण्यासाठी चार्नलीने तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला. तिथे गाठी आल्या. उत्तर मिळाले.

यानंतरचा प्रसंग गिरण्यांचे जग पाहिलेल्यांना जवळचा वाटेल. १९६२च्या मे महिन्यात एक विक्रेता चार्नलीच्या प्रयोगशाळेत नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. हे प्लास्टिक लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागांच्या दातेरी चाकांसाठी वापरले जात होते. चार्नलीने तुकड्यात नख रुतवून पाहिले आणि ‘हे काही उपयोगाचे नाही’ असे म्हणून तो निघून गेला. त्याचा सहायक हॅरी क्रेव्हन याने मात्र तो तुकडा झिजवून पाहण्याच्या यंत्राला लावून ठेवला. तीन आठवडे यंत्र चालू राहिले. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजायचे, तितकेही हे प्लास्टिक झिजले नव्हते. ते होते पॉलिएथिलिन. १९६२च्या नोव्हेंबरमध्ये त्याची वाटी पहिल्यांदा माणसात बसली, आणि आजच्या खुब्याची सुरुवात तिथून धरतात. मागाच्या चाकातला पदार्थ माणसाच्या चालण्याच्या कामी आला.

चार्नलीने आणखी दोन गोष्टी केल्या. रायटिंग्टनला येऊन शिकल्याशिवाय सर्जनांना हा सांधा मिळू नये, असा आग्रह त्याने बरीच वर्षे धरला. आणि तो रुग्णांना विनंती करी, की तुमच्या मृत्यूनंतर हा खुबा आम्हाला परत तपासू द्या. कित्येकांनी होकार दिला. २००७मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेला ‘शतकाची शस्त्रक्रिया’ म्हटले, त्या गौरवात या अनाम म्हाताऱ्यांचाही वाटा आहे.

याच काळात आपल्या शेजारीही काहीतरी घडत होते. लोकमान्यांच्या कारावासामुळे मंडाले हे नाव मराठी माणसाला ठाऊक आहे. त्याच मंडालेत १९६०मध्ये डॉ. सान बॉ यांनी त्र्याऐंशी वर्षांच्या एका बौद्ध भिक्षुणीच्या मोडलेल्या खुब्यात हस्तिदंताचा गोळा बसवला. परदेशी धातूचे सांधे महाग होते आणि हस्तिदंत हाताशी होते. पुढच्या वर्षांत त्यांनी असे तीनशेहून अधिक खुबे बसवले. १९६९मध्ये लंडनच्या परिषदेत त्यांनी हे काम मांडले. त्यांचे रुग्ण चालत, सायकल चालवत, एवढेच नव्हे तर उकिडवे बसत. आज हत्तीसाठी कुणी हा मार्ग सुचवणार नाही आणि सुचवूही नये. पण गरीब देशातला डॉक्टर आपल्या माणसांच्या बसण्या-उठण्याचा विचार करून सांधा घडवतो, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

आता आकड्यांकडे येऊ. आर्थिक सहकार्य व विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, आपल्या सदस्य देशांची तुलना दर काही काळाने छापते. त्यात जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला तीनशेच्या आसपास खुबे बदलले जातात असे दिसते. सगळ्या देशांची सरासरी लाखामागे १७०-१८०च्या घरात आहे. त्याच तक्त्याच्या तळाशी असलेल्या मेक्सिकोत हा आकडा दहाच्या आसपास असतो. अमेरिकेत २०१०मध्ये सुमारे पंचवीस लाख माणसे कृत्रिम खुबा घेऊन वावरत होती.

मेक्सिकोतल्या माणसांचे खुबे जर्मनांपेक्षा तीसपट बळकट असतात, असे कुणी म्हणणार नाही. थोडा फरक वयाचा आहे. जर्मनी म्हातारा देश आहे आणि मेक्सिको तरुण. थोडा फरक खरोखर रोगाचाही आहे. चीनमध्ये बीजिंगच्या वृद्धांची तपासणी झाली तेव्हा खुब्याचा झिजेचा संधिवात अमेरिकी गोऱ्यांपेक्षा ऐंशी ते नव्वद टक्क्यांनी कमी आढळला. जपानमध्ये बिघडलेल्या खुब्यांच्या मुळाशी अनेकदा जन्मापासूनची उथळ वाटी असते. दक्षिण कोरियात खुब्यांपेक्षा गुडघे कितीतरी जास्त बदलले जातात, आणि आपल्याकडेही तसेच आहे. पण वय आणि रोग यांनी हिशेब पुरा होत नाही. उरलेला फरक इस्पितळांचा, विम्याचा आणि पैशाचा आहे. जर्मनीत तर गरजेपेक्षा जास्त शस्त्रक्रिया होतात का, असा वाद चालतो. ब्रिटनमध्ये वाद असतो तो प्रतीक्षायादीचा. आणि जिथे यादीच नाही, तिथे वादही नाही.

आपल्याकडे खुबे बिघडतात ते वेगळ्या वाटांनी. पडून हाड मोडणे आहेच. शिवाय गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो आतून ढासळतो. याला दारू कारण होते, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे कारण होतात. कोरोनानंतर २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद केली. नंदुरबार, गडचिरोली आणि विदर्भाच्या इतर भागांत आढळणारा सिकलसेल हा आजारही हेच करतो. म्हणजे युरोपात खुब्याचा रुग्ण बहुधा सत्तरीचा असतो, तर आपला पंचविशी-तिशीचा मजूरही असू शकतो. २०१८मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेच्या यादीत ही शस्त्रक्रिया आहे. पण यादीपासून शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंतचा रस्ता लंगडत चालणाऱ्याला लांबचा असतो.

दुसरी अडचण आपल्या जमिनीवरच्या जगण्याची. पंगतीतली मांडी, शेतातली खुरपणी, देशी संडास, नमाजमधला सजदा, या सगळ्यांत खुबा पूर्ण वाकतो. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतात, खाली बसू नका, मांडी घालू नका, निदान काही महिने तरी. शहरातला माणूस कमोड आणि खुर्ची आणतो. आमच्या मशिदीत मागच्या सफेत खुर्च्या वाढत गेल्या, हे मी पाहिले आहे; कीर्तनातही कडेला तशाच खुर्च्या दिसतात. पण एका खोलीत राहणाऱ्या, सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईने काय करायचे? सान बॉ यांच्या उकिडव्या बसणाऱ्या रुग्णांचे मोल तिथे कळते.

मुंबईत ब्रीच कँडी इस्पितळात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी २००० आणि २००१मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे बदलले, तेव्हा कृत्रिम सांधा हा शब्द घरोघरी पोचला. २०१७मध्ये सरकारने गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. खुब्याच्या वाट्याला ना ती प्रसिद्धी आली, ना ती मर्यादा.

आणि आता नोंदींचा मुद्दा. स्वीडनने १९७९मध्ये देशातल्या बदललेल्या खुब्यांची नोंदवही सुरू केली. कोणता सांधा बसवला, तो किती वर्षे टिकला, कोणत्या इस्पितळात किती पुन्हा उघडावे लागले, हे त्यात येते आणि पुढे ते इस्पितळांच्या नावांसह लोकांसमोर येऊ लागले. ऑस्ट्रेलियाने १९९९मध्ये अशी वही सुरू केली आणि तिचा उपयोग लवकरच दिसला. डीप्यू कंपनीचा ‘एएसआर’ हा धातूवर धातू घासणारा खुबा अपेक्षेपेक्षा फार लवकर बदलावा लागतो आहे, हे त्या वहीतून कळले. ऑस्ट्रेलियात तो २००९च्या अखेरीस मागे घेतला गेला आणि २०१०च्या ऑगस्टमध्ये जगभरातून. जगात सुमारे त्र्याण्णव हजार लोकांना तो बसला होता. भारतात असे सुमारे ४,७०० खुबे बसवले गेले होते. केंद्र सरकारच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालातून २०१८मध्ये समोर आले, की त्यांतल्या सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागत नाही. ज्यांच्या शरीरात धातूचा चुरा मिसळत होता, त्यांना ‘तपासून घ्या’ असे सांगायलाही पत्ता नव्हता. नुकसानभरपाईची सूत्रे ठरली, पण ज्यांचे नावच सापडत नाही त्यांना ती द्यायची कशी?

आपल्याकडे सांधे बदलणाऱ्या सर्जनांच्या संघटनेची नोंदवही आहे. ती स्वेच्छेची आहे, भरणारे भरतात. ‘हे श्रीमंत देशांचे चोचले आहेत’ असे कुणी म्हणेल, तर त्याला आफ्रिकेतला मलावी दाखवावा. जगातल्या अत्यंत गरीब देशांत त्याची गणना होते. तिथे २००५मध्ये सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. पहिल्या वर्षांत तिथे बदललेले खुबे अगदी मोजके होते. पण जेवढे होते तेवढे त्या वहीत आले. म्हणजे वही घालायला पैशापेक्षा आधी एक समजूत लागते, की या माणसाचे पुढे काय झाले हे आपल्याला कळले पाहिजे.

कुठल्या देशात किती खुबे बदलतात, हा प्रश्न म्हणूनच नुसत्या आकड्यांचा नाही. आपल्याला पहिली गरज आहे ती अशा वहीची, जिच्यात सांधा बसवणे प्रत्येक इस्पितळाला नोंदवावेच लागेल, मग ते मुंबईतले पंचतारांकित असो की तालुक्याचे. बदललेला प्रत्येक खुबा तिच्यात आला, की न बदललेले किती आहेत, हेही विचारता येईल. धडगावच्या पाड्यावर काठी टेकत झऱ्याकडे निघालेला तिशीचा माणूस आज कुठल्याच तक्त्यात नाही. त्याला आधी मोजू या. उपचाराचा रस्ता तिथूनच सुरू होतो.