विद्यार्थी आणि तंबाखूचा पाश

देवगडच्या शेजारचे जामसंडे हे गाव हापूसच्या बागांमुळे सर्वांच्या परिचयाचे आहे. हापूस हे नाव मूळ पोर्तुगीज ‘अफोन्सो’ या नावावरून आलेले. डोंगरउतारावरील काजूही पोर्तुगीजांनीच ब्राझीलमधून या किनाऱ्यास आणला. त्यांच्याच गलबतांतून आणखी एक परदेशी वनस्पती आली, ती तंबाखू. काजूने कोकणच्या पदरात चार पैसे टाकले. तंबाखूने काय दिले व काय नेले, याचा हिशेब सुशिक्षित घरांनी मांडणे अगत्याचे आहे. कारण तिची ओढ बहुधा विद्यार्जनाच्या वयातच लागते.

इतिहास असे सांगतो की, अकबराचा वकील असदबेग याने सन १६०४ च्या सुमारास विजापुरास तंबाखू पाहिली व ती नजराणा म्हणून बादशहापुढे ठेविली. दक्षिण कोकण त्या वेळी विजापूरच्याच अमलाखाली होते. दरबारच्या हकिमाने या अपरिचित पदार्थास हरकत घेतली, परंतु सरदारांस तिची गोडी लागून चुकली होती. सन १६१७ मध्ये जहांगीराने तंबाखूवर बंदी घातली. तिचा फारसा उपयोग झाला नाही. बादशाही हुकूम ज्या वस्तूपुढे थिटा पडला, तिच्यात केवळ चवीहून अधिक काही असले पाहिजे.

ते ‘काही’ शोधून काढले एका विद्यापीठाने. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे पॉसेल्ट व रायमान या दोघांनी सन १८२८ मध्ये तंबाखूतील सत्त्व वेगळे केले. ज्याँ निको हा लिस्बन येथील फ्रेंच वकील. त्याने सन १५६० च्या सुमारास तंबाखू औषधी म्हणून आपल्या राजदरबारी पाठविली होती. त्याच्या नावावरून या सत्त्वास निकोटीन म्हणतात.

निकोटीनची करणी विद्यार्थ्याने नीट समजून घेण्याजोगी आहे. सिगारेटचा झुरका घेतल्यापासून दहा ते वीस सेकंदांत ते मेंदूस पोहोचते व तेथे सुखाची जाणीव उत्पन्न करते. सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मग सवय जडलेल्या माणसाचे चित्त अस्वस्थ होते, चिडचीड होते, पुस्तकावर मन ठरत नाही. अशा वेळी पुन्हा सिगारेट ओढली की मन स्थिर होते, आणि परीक्षार्थी समजतो की सिगारेटमुळे आपला अभ्यास होतो. वस्तुतः तिनेच लाविलेली अस्वस्थता तीच घटकाभर दूर करीत असते. सावकाराने आपलेच कर्ज फेडण्यास पुन्हा कर्ज द्यावे, तसा हा व्यवहार आहे.

कोकणातील घरांत तंबाखू अनेक रूपांनी नांदली. कोणाच्या कनवटीला चंची, कोणाच्या कानावर विडी, तर कोठे तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मशेरी सकाळी दातांस लावण्याची रीत. मुलगा हे सारे पाहतच मोठा होतो. पुढे शिक्षणासाठी तो मुंबईस जातो, चाळीतल्या वा वसतिगृहातल्या खोलीत राहतो, आणि चहाच्या टपरीवर सोबत्याने पुढे केलेली पहिली सिगारेट नाकारणे त्यास संकोचाचे वाटते. आजीची मशेरी त्यास गावंढळ वाटते. सिगारेट मात्र प्रौढपणाची खूण वाटते. दोहोंतील निकोटीन एकच, हे त्याच्या ध्यानी येत नाही.

या विषाचे परिणाम दाखविण्यात एका मराठी शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर व त्यांचे सहकारी संघवी आणि राव यांनी धूम्रपान व तंबाखू चघळणे यांचा तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध सन १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला. हेच खानोलकर पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. सन १९८८ मध्ये अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने निकोटीनचे व्यसन हेरॉइन व कोकेन यांच्या पंक्तीस नेऊन बसविले.

सन २००३ च्या भारतीय कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांस तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करण्यास मनाई केली. सन २०१९ मध्ये ई-सिगारेटवरही बंदी आली. परंतु महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थी अठरा वर्षे पुरी केलेले असतात; वयाचे संरक्षण नेमके त्याच उंबरठ्यावर संपते. सन २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत तंबाखूचा आरंभ करण्याचे सरासरी वय सुमारे एकोणीस वर्षे आढळले, हा योगायोग चिंता वाटावी असाच आहे.

म्हणून कायद्याने सोडलेला हात घराने धरिला पाहिजे. शिमग्यास वा गणपतीस घरी आलेल्या मुलाच्या कपड्यांस धुराचा वास आला, तर त्यास ‘मनाचा दुबळा’ म्हणून हिणविण्याने काही साधत नाही. त्याने तो लपविण्यास मात्र शिकतो. हा मेंदूस जडलेला विकार आहे, असे त्यास समजावून द्यावे. सोडल्यानंतरचे पहिले काही दिवस सर्वांत कठीण जातात, आणि काही आठवड्यांत तळमळ ओसरू लागते. वैद्यकीय सल्ल्याने उपचारही मिळतात. १८००-११२-३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर दूरध्वनीने विनामूल्य साहाय्य मिळते. आणि वडिलांनी उपदेशास बसण्यापूर्वी स्वतःची चंची बाजूस ठेवावी. बादशहाच्या हुकुमास जे साधले नाही, ते एखादे वेळी घरच्या उदाहरणास साधेल.