दोन सूर्योदयांचा प्रवास

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ आणि लंडन यांमधील हवाई अंतर सुमारें ९,००० मैलांचें आहे. मार्च २०१८ मध्यें क्वांटस कंपनीनें तें वाटेंत कोठेंही न उतरतां सुमारें सतरा तासांत तोडणारी सेवा सुरू केली, आणि यंत्रविद्येनें दूरत्व जिंकल्याचा जयघोष झाला. तो रास्तच होता. परंतु दोन विमानतळांमधील काळ केवळ यंत्राच्या वेगानें ठरतो, ही समजूत इतिहासाच्या कसास उतरत नाहीं. १९२९ सालीं लंडन-कराची हवाई टपाल सुरू झालें, तेव्हां बाझलपासून जिनोआपर्यंतचा टप्पा चक्क आगगाडीनें ओलांडावा लागे. कारण फ्रान्सच्या बाजूनें येणाऱ्या ब्रिटिश विमानांस इटली आपल्या हद्दींत शिरूं देत नसे. २०२२ सालीं रशियानें युरोपीय विमानांस आपलें आकाश बंद केलें, तेव्हां हेल्सिंकी ते टोकियो हा नऊ-दहा तासांचा प्रवास एकाएकीं तेरा तासांवर गेला. विमानें तींच होतीं.

या गोष्टीचें सर्वांत विलक्षण उदाहरण पर्थच्याच इतिहासांत आहे. १९३८ सालीं इंग्लंडहून सिडनीस नऊ-दहा दिवसांत जाणारीं सागरी विमानें कराची, सिंगापूर असे मुक्काम करीत जात. उतारू रात्रीं जमिनीवर सुखानें झोपत. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें, पुढल्याच महिन्यांत अंदमान बेटें जपानच्या हातीं गेलीं, आणि या माळेचा दोराच तुटला. ऑस्ट्रेलियास इंग्लंडशीं पुन्हां जोडावयाचें तर पर्थहून थेट सिलोन गांठणें भाग होतें. मध्यें ३,५०० मैलांचा हिंदी महासागर, आणि उतरावयास एकही निर्धोक ठिकाण नाहीं!

जून १९४३ मध्यें क्वांटसच्या कॅटलिना जातीच्या सागरी विमानांनीं हें साहस आरंभिलें. तोफा व चिलखती पत्रे काढून त्या जागीं पेट्रोलच्या जादा टाक्या बसविल्या. इतका भार झाल्यावर उतारू मावत ते अवघे तीन, आणि थोडें टपाल. पहिल्या कित्येक तासांत दोहोंपैकीं एक इंजिन बंद पडलें असतें, तर विमान हवेंत तरणें अशक्य होतें. शत्रूस सुगावा लागूं नये म्हणून बिनतारी यंत्र मुकें ठेवावें लागे. दिशा दाखवीत त्या केवळ तारका. या विमानांस अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अँटारिस आणि स्पायका हीं ताऱ्यांचींच नांवें दिलीं होतीं, यांत मला तरी केवळ कविकल्पना दिसत नाहीं.

ताशी सुमारें १२० मैलांच्या गतीनें या उड्डाणास २७ पासून ३३ तास लागत. उतारूस एकाच प्रवासांत दोनदां सूर्योदय दिसे, आणि त्याचें प्रमाणपत्रही मिळे. वाटेंत न थांबणें ही २०१८ मध्यें सोय ठरली. १९४३ सालीं तो नाइलाज होता. आश्चर्य हें कीं, १९४५ पर्यंतच्या २७१ फेऱ्यांत एकही विमान वा मनुष्य गमावला गेला नाहीं.

युद्ध संपलें आणि जुने मुक्काम पुन्हां मोकळे झाले. ज्यांनीं महासागर निर्विघ्नपणें इतक्या वेळां ओलांडला, तीं पांचही विमानें अमेरिकेशीं झालेल्या उसनवारीच्या कराराप्रमाणें ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगत मुद्दाम समुद्रांत बुडविण्यांत आलीं.