जरीपटका (नागपूर)

उत्तर नागपुरातील, १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची प्रमुख वसाहत (→ भारताची फाळणी). पंजाब-बंगालप्रमाणे सिंधचे विभाजन झाले नाही. प्रांत अखंड पाकिस्तानात गेल्याने सिंधी हिंदूंना भारतात स्वभाषिक प्रदेश उरला नाही व ते परभाषी शहरांत विखुरले (→ उल्हासनगर). त्यांनी बसवलेल्या नव्या घडीचे श्रेय सहसा उपजत व्यापारी वृत्तीला दिले जाते. ते अपुरे आहे : आलेल्यांत जमीनदार, नोकरदार, शिक्षकही होते, जमीन सुटलेल्यांना शहरात दुकानदारी हा जवळचा मार्ग होता. सरकारी भरपाईमुळेच जम बसला, असाही आक्षेप निघतो. परंतु भरपाई व पुनर्वसनाचा कायदा १९५४ चा, तोवर सात वर्षे उलटली होती. स्वभाषिक प्रदेश नसलेली सिंधी भाषाही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत १९६७ मध्येच आली.