रायापूरचे कौल आणि पाण्यातले बुडबुडे

रायापूर हे हुबळी आणि धारवाड यांच्या मधले गाव. १९६२ साली या दोन शहरांची मिळून एक महापालिका झाली आणि मधली गावे हळूहळू शहराच्या पोटात गेली. आज तिथे इस्कॉनचे मंदिर आहे, रस्त्याच्या मधोमध चिगरी बसगाड्या धावतात. माझी थोरली बहीण लग्न होऊन या गावात गेली त्याला तीस वर्षे होत आली. समुद्र घाटाखाली, चांगला दूर. तरीही समुद्राच्या तळाचा विषय मला याच गावात, ताईच्या माजघरात बसून उलगडला, म्हणून हे लिहितो आहे.

गेल्या मे महिन्यात ताईचा फोन आला. "तू येऊन तुझ्या भाच्याला समजाव. घराची कौले फुटलीत, पाऊस डोक्यावर आला, आणि हा साठवलेले पैसे पाण्यात घालायला निघालाय." पैसे पाण्यात घालणे हा वाक्प्रचार तिने शब्दशः वापरला होता. भाचा हुबळीला नोकरी करतो. सुटी मिळाली की आमच्याकडे गोव्यात येतो आणि ग्रँड आयलंडच्या बाजूला स्कुबा डायव्हिंग करतो. त्याचे रीतसर शिक्षण त्याने घेतले आहे. आता त्याला भाड्याचा नको, स्वतःचा रेग्युलेटर हवा होता.

वास्कोहून गाडी धरली, लोंढ्यावरून धारवाडला उतरलो आणि बसने रायापूर गाठले.

रेग्युलेटर म्हणजे काय, हे ताईला आधी सांगावे लागले. पाठीवरच्या टाकीत हवा प्रचंड दाबाने, साधारण २०० बारने, कोंडलेली असते. ती तशीच तोंडात घेतली तर माणूस जगणार नाही. टाकीवर बसवलेला पहिला भाग हा दाब भोवतालच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बारच जास्त राहील इतका खाली आणतो. तोंडातला दुसरा भाग श्वास ओढला की तेवढ्यापुरती हवा देतो आणि तीही भोवतालच्या पाण्याच्या दाबाची. समुद्रात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर माणूस एका श्वासात पृष्ठभागापेक्षा दुप्पट हवा खर्च करतो. सोडलेला श्वास एका झडपेतून बुडबुडे होऊन बाहेर पडतो.

या छोट्या यंत्राचा इतिहास मोठा आहे. बेन्वा रूकेरोल हा फ्रेंच खाणअभियंता. दाब आवरणारी त्याची युक्ती नौदलातल्या ओग्युस्त देनेरूझ याने पाण्याखाली नेली, ते साल १८६४. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतले कॅप्टन नेमोचे लोक याच यंत्राची सुधारलेली आवृत्ती पाठीला लावून समुद्रतळावर फिरतात. हा नेमो आपल्या बुंदेलखंडातला राजपुत्र, हे व्हर्नने पुढच्या कादंबरीत सांगितले. पण त्या काळी पुरेशा दाबाच्या टाक्या नव्हत्या, त्यामुळे यंत्र मागे पडले आणि जड शिरस्त्राणाचा, वरून पंपाने हवा घेणारा पाणबुड्याच टिकला.

पुढचे पाऊल दुसऱ्या महायुद्धात पडले. फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, मोटारी गॅसवर चालवायची वेळ आली. त्यासाठी एमिल गान्यां या अभियंत्याने एक झडप तयार केली होती. नौदलातल्या झाक कुस्तो याने तीच झडप माणसाच्या श्वासासाठी वापरायचे ठरवले. १९४३ च्या जानेवारीत पॅरिसजवळ मार्न नदीत चाचणी झाली. कुस्तो आडवा पोहत होता तोवर ठीक चालले. उभा राहिला की हवा भसाभसा वाया जाऊ लागली. डोके खाली केले की श्वास ओढता येईना.

दोष बुडबुड्यांच्या वाटेत होता. माणूस उभा असताना हवा बाहेर पडण्याचे तोंड हवा आत घेणाऱ्या पडद्यापेक्षा वीतभर वर येत होते. वीतभर पाण्याचा दाब तो काय! पण झडप उघडायला तेवढा पुरतो. उलटे झाले की तोच फरक उलट्या बाजूने नडायचा. उपाय सोपा निघाला: दोन्ही तोंडे एकाच पातळीवर आणली. म्हणूनच कुस्तोच्या ॲक्वालंगला दोन जाड नळ्या असत. एक हवा आणायची, दुसरी उच्छ्वास परत मानेमागे न्यायची. बुडबुडे डोक्याच्या मागून वर जायचे, डोळ्यांसमोर स्वच्छ पाणी राहायचे.

१९५२ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने एका नळीचा 'पॉर्पस' बाजारात आणला. त्यात पडदा आणि उच्छ्वासाची झडप दोन्ही तोंडापाशीच आली. नळी फाटण्याची भीती कमी झाली, दुरुस्ती सोपी झाली. आजचे बहुतेक सगळे रेग्युलेटर त्याच घराण्यातले. मात्र बुडबुडे पुन्हा चेहऱ्यावर आले. मग झडपेला दोन्हीकडे फाटा बसवून ते गालांच्या बाजूला वळवले गेले.

हे बुडबुडे मी स्वतः अनुभवले आहेत. दोन वर्षांपूर्वी भाच्याच्या आग्रहावरून मी हात धरून नेणाऱ्या प्रशिक्षकाबरोबर पाण्यात उतरलो. पहिल्याच श्वासाला कानांपाशी घळघळ झाली, काचेसमोर पांढरा पडदा आला आणि मी घाबरून श्वास धरून ठेवला. प्रशिक्षकाने खुणेने बजावले: सोड, सोडत राहा. नंतर कळले की वर येताना श्वास कोंडला तर फुप्फुसातली हवा प्रसरण पावते. दहा मीटरवरून पृष्ठभागाशी येईपर्यंत ती दुप्पट होते आणि फुप्फुस फाटू शकते. छायाचित्र काढणारे मासे बुजू नयेत म्हणून श्वास रोखायला बघतात, ते या कारणासाठी वाईट. बुडबुड्यांना कंटाळलेले क्लोज्ड सर्किट रिब्रीदर वापरतात, त्यातून बुडबुडे जवळजवळ निघतच नाहीत. पण ते महाग, गुंतागुंतीचे, आणि चुकीला फारशी क्षमा न करणारे.

आम्ही कारकून. खरेदी म्हटली की तीन कोटेशने आणि तुलनात्मक तक्ता. मी भाच्याला कागद घेऊन बसवले. पहिल्या भागात पिस्टन की पडदा? पिस्टनमध्ये सुटे भाग कमी, पण साध्या बनावटीत समुद्राचे पाणी आत शिरते. आपल्या गाळाच्या किनाऱ्याला पडदा बरा. 'बॅलन्स्ड' हवा, म्हणजे टाकी रिकामी होत आली तरी श्वास जड होत नाही. टाकीला जोडणारे तोंड यॉक की डिन, हे जिथे बुडायचे तिथल्या टाक्या पाहून ठरवावे. उच्छ्वासाचा फाटा रुंद असावा, म्हणजे काचेसमोर पडदा येत नाही. आणि सर्वांत मोठा प्रश्न शेवटच्या रकान्यात: याची सर्व्हिसिंग जवळपास कोण करतो? ज्याचे सुटे भाग मिळत नाहीत तो रेग्युलेटर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये.

तक्ता पूर्ण होईपर्यंत ताई गप्प होती. मग म्हणाली, "आणि माझी कौले?"

दुसऱ्या दिवशी शिडी लावून मी आणि भाचा छपरावर चढलो. घर भावजींच्या आजोबांनी बांधलेले. एक फुटके कौल उतरवून उलटे केले तर पाठीवर ठसा: बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. मी ते हातात धरून तसाच बसलो. १८६५ हे मंगळूरला जेप्पूच्या कारखान्याचे स्थापनावर्ष. मिशनचे लोक १८३७ मध्ये धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला आले होते. पण माझ्या डोक्यात गोव्याचा समुद्र होता.

दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत १९८१ मध्ये सागरी पुरातत्त्वाचे काम सुरू झाले. लोथलचे उत्खनन करणारे, मूळचे कर्नाटकातले डॉ. एस. आर. राव त्याचे प्रमुख. द्वारकेचा शोध याच लोकांनी पाण्याखाली घेतला. पुढे या संस्थेच्या पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी गोव्याजवळच्या सुंची रीफवर पोर्तुगीज काळातल्या बुडालेल्या जहाजाचे अवशेष शोधले: तोफा, चिनी मातीची भांडी, हस्तिदंत. आणि सेंट जॉर्ज रीफवर त्यांना सापडली मातीची कौले, फरशा, नळ, खांबांचे शीर्षभाग. त्यांवर ठसा तोच, बासेल मिशन टाइल वर्क्स, १८६५. कुणाच्या तरी घरावर चढायला निघालेले छप्पर आपल्या समुद्रात राहून गेले होते.

ही ओळख पटवायला कोणीतरी खाली जाऊन, शांत श्वास घेत, गाळ न उसवता तो ठसा वाचावा लागला. छपरावर बसून मी हे भाच्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मामा, आधी कौले घालतो. रेग्युलेटर पावसाळ्यानंतर." पावसाळ्यात डायव्हिंग तसेही बंदच असते, हे त्याने तेव्हा सांगितले नाही.

नोव्हेंबरात त्याने तक्त्यातला दुसऱ्या क्रमांकाचा रेग्युलेटर घेतला. ताई पहिल्यांदाच त्याच्याबरोबर होडीत बसून आली. तो पाण्यात गेल्यावर तिने होडीवाल्याला विचारले, "आता तो कुठे आहे हे कळायचे कसे?" त्याने बोट दाखवले. थोड्या अंतरावर पाण्यावर बुडबुडे फुटत होते, थांबत होते, पुन्हा फुटत होते. पाऊण तास ताईने त्यांवरून नजर हलवली नाही.

ठशाचे ते फुटके कौल मी मागून घेतले. ते आता पणजीला माझ्या टेबलावर आहे, फायली उडू नयेत म्हणून.