रुमानियातील 'स्मारकांची रुग्णवाहिका'

युरोपीय वारसा पुरस्काराच्या २०२० च्या मानकऱ्यांत रुमानियातील 'स्मारकांची रुग्णवाहिका' हा उपक्रम होता. पुरस्कार मिळाला तो शिक्षण, प्रशिक्षण व जनजागृती या विभागात, आणि ते योग्यच झाले. ट्रान्सिल्व्हेनियात शतकानुशतके राहिलेले सॅक्सन जर्मन १९८९ च्या क्रांतीनंतर मोठ्या संख्येने जर्मनीस निघून गेले. त्यांची तटबंदीची चर्चेस, घरे ओस पडली. वास्तुविशारद एउजेन वाइदा यांच्या पुढाकाराने २०१६ मध्ये हे काम सुरू झाले. अवजारांनी भरलेली गाडी गावात येते. विद्यार्थी व तरुण स्वयंसेवक जाणत्या कारागिरांच्या हाताखाली प्रथम छप्पर सावरतात, कारण पाणी मुरले की भिंतही ढासळते. त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय गावकरी करतात. संपूर्ण जीर्णोद्धार नंतरचा. तोवर वास्तू उभी राहावी, एवढाच हेतू.