मुलाला काय घालावे? उन्हाळा, आईबाप आणि तीनशे वर्षांचा उपदेश

आजचा विषय कळल्यावर आयोजकांपैकी एकाने मला फोन करून विचारले, "सर, मागच्या वेळी तुम्ही कांट सांगितलात, आणि आता झबलं?" मी म्हटले, हो, झबलंच. कारण एप्रिल महिन्यात तीन-चार वर्षांचे मूल नायलॉनचे अस्तर असलेला फ्रॉक, घट्ट मोजे आणि बूट घालून बालवाडीत येते, त्याच्या मानेवर घामोळं उठलेलं असतं, आणि बालवाडीची ताई आईला चार वेळा सांगूनही पाचव्या दिवशी मूल पुन्हा तसेच येते. सांगूनही माणूस करत का नाही, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचाच आहे. ॲरिस्टॉटलपासून लोक त्याच्यावर डोकं फोडत आलेत.

एक शरीराची गोष्ट आधी सांगून टाकतो. मी डॉक्टर आहे, पण तत्त्वज्ञानाचा, म्हणून जपून बोलतो. लहान मुलाच्या वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचा पसारा मोठ्या माणसापेक्षा जास्त असतो. त्यामुळे बाहेरची हवा अंगाहून गरम झाली की मूल लवकर तापते. शिवाय त्याला घाम येण्याची ताकद मोठ्यांइतकी नसते. आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: आपल्याला उकडले की आपण वरचे बटण काढतो, तीन वर्षांच्या मुलाला ते काढता येत नाही आणि कित्येकदा सांगताही येत नाही. ते किरकिरते. आणि आपण म्हणतो, आज फार हट्टीपणा करतोय.

आता इतिहासाकडे. आपल्याकडचा एक जुना संदर्भ चरकसंहितेत आहे, शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात. बाळाचे अंथरूण-पांघरूण कसे असावे? मऊ, हलके, स्वच्छ आणि सुगंधी. घामाने, मळाने, मलमूत्राने भरलेले वापरू नये. इथवर कुठल्याही शास्त्रकाराने सांगितले असते. पुढचे वाक्य मला फार आवडते. दुसरे कपडे मिळणे शक्य नसेल तर, असे म्हणून तो सांगतो की मग तेच नीट धुऊन, धुरी देऊन, कोरडे करून वापरावेत. म्हणजे लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर गरिबाचे घर होते. उपदेश करणाऱ्याला ऐकणाऱ्याचे घर दिसते की नाही, हे आज आपल्याला पुन्हा पुन्हा तपासायचे आहे.

युरोपात येऊ. जॉन लॉक आपल्याला राज्यशास्त्राच्या पुस्तकातून माहीत असतो. पण तो वैद्यकही शिकलेला होता आणि १६९३ साली त्याने मुलांच्या शिक्षणावर एक पुस्तक छापले. त्यात विद्या, भाषा, गणित हे सगळे नंतर येते. सुरुवातीलाच तो कपड्यांवर येतो: मुलांना फार गरम कपडे घालू नका, हिवाळ्यात नको आणि उन्हाळ्यातही नको. तिथेच त्याने एका सिथियन माणसाची गोष्ट दिली आहे. हा बर्फात उघडा फिरतो म्हणून अथेन्सचा माणूस चकित होतो, तेव्हा सिथियन उलट विचारतो की तुझा चेहरा कसा उघडा राहतो? सवयीने, असे उत्तर आल्यावर तो म्हणतो, मग मी सगळाच चेहरा आहे असे समज. लॉकचे म्हणणे, अंग सवयीने घडते.

लॉकनंतर ५५ वर्षांनी, १७४८ मध्ये, विल्यम कॅडोगन नावाच्या डॉक्टरने लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलसाठी, म्हणजे टाकून दिलेल्या मुलांच्या संस्थेसाठी, एक छोटी पुस्तिका लिहिली. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचे संगोपन हा तिचा विषय. त्याचे निदान सरळ होते: मुलांना जरुरीपेक्षा जास्त कपडे घालतात आणि जास्त खाऊ घालतात. तो एक फार चांगले निरीक्षण करतो. ज्या गरीब बाईकडे मुलाला गुंडाळायला चार चिंध्याच आहेत तिचे मूल धडधाकट असते, आणि ज्या घरात वारसदाराला कापडात आणि काळजीत गाडून टाकले आहे तिथले मूल कोमेजते. पण हाच शहाणा माणूस त्याच पुस्तिकेत म्हणतो की मुलांचे संगोपन आजवर बायकांच्या हाती राहिले हे घातक झाले, आता ते समजदार पुरुषांनी हाती घ्यावे! म्हणजे निरीक्षण गरीब बाईच्या झोपडीतले, आणि श्रेय समजदार पुरुषांचे. पुढची दीडशे-दोनशे वर्षे आईबापांना उपदेश करणाऱ्यांनी हा सूर सोडला नाही.

रूसो १७६२ चा. 'एमिल'मध्ये त्याने बाळाला पट्ट्यांनी आवळून बांधण्याच्या पद्धतीवर कडाडून टीका केली आहे. हातपाय मोकळे हवेत, कपडे सैल हवेत, डोके शक्यतो उघडे हवे. युरोपातल्या शिकलेल्या घरांवर त्याचा पुष्कळ परिणाम झाला. आता लॉक आजन्म अविवाहित, आणि रूसोने स्वतःची मुले अनाथालयात ठेवलेली. दोघांनीही तीन वर्षांच्या पोराला कधी सदरा घातला असेल असे मला वाटत नाही. (हशा) हसू नका, मीही त्याच रांगेतला आहे, ते पुढे सांगतो. शिवाय उघड्या डोक्याचा सल्ला इंग्लंड-फ्रान्सच्या उन्हासाठी होता. आपल्या वैशाखात तो जशाच्या तसा उचलला तर मूल आजारी पडेल. इथे सुती टोपी हवी किंवा आजीचा पदर तरी.

आईबाप मुलाला जास्त कपडे का घालतात? अज्ञान, असे उत्तर लगेच दिले जाते. मला ते पटत नाही. एक साधे उदाहरण घ्या. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात गोऱ्या सैनिकांना पोटाभोवती बांधायला फ्लॅनेलचा पट्टा देत. त्याला 'कॉलरा बेल्ट' म्हणत. पोटाला गारवा लागला की कॉलरा होतो, अशी त्यामागची समजूत. इथल्या उन्हाळ्यात, लोकरीचा पट्टा! हे सांगणारे शिकलेले डॉक्टर होते. तेव्हा 'वारा लागेल', 'थंडी बाधेल' म्हणत वैशाखात कुंची घालणाऱ्या आजीला एकटीला नावे ठेवू नयेत. थंडीची भीती ही उन्हाच्या भीतीपेक्षा जुनी आहे. सर्दी-खोकला डोळ्यांना दिसतो, आवाज करतो. उष्णता गुपचूप चढते.

भीतीच्या जोडीला अब्रू आहे. आणि इथे मार्गारेट मॅकमिलनचे नाव घेतले पाहिजे. १८९४ मध्ये ती इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या गिरणगावाच्या शाळा-मंडळावर निवडून आली. तिथे तिला अशी मुले दिसली की थंडी सुरू झाली की कपडे अंगावरच शिवून टाकलेले. ते उतरायचे उन्हाळ्याकडेच. या मुलांच्या आयांना व्याख्यान देऊन काय होणार होते? घरात गरम पाणी नाही, दुसरा जोड नाही, आई गिरणीत. मॅकमिलनने मंडळाशी भांडून १८९७ मध्ये शाळेतच स्नानगृह करवून घेतले. पुढे १९१४ मध्ये तिने आणि तिची बहीण रेचेल हिने लंडनच्या डेप्टफर्डमध्ये उघड्या हवेतली बालशाळा चालू केली. बागेत, झाडांजवळ, भिंती मोकळ्या. मूल आले की आंघोळ, स्वच्छ कपडे, मग खेळ. आधी सोय, मग शिकवण.

याच सुमाराला रोममध्ये माँटेसरीबाईंनी दुसरा मार्ग धरला होता. ६ जानेवारी १९०७ ला सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले, आणि त्याचे नियम लिहून लावलेले होते. मूल अंगाने आणि कपड्याने स्वच्छ असलेच पाहिजे, बरोबर योग्य असा ॲप्रन असला पाहिजे. न धुतलेले, मळक्या कपड्यातले मूल परत पाठवले जाईल. आठवड्यातून एकदा तरी आईने येऊन बाईंशी बोलले पाहिजे. नियम कडक आहेत. मला त्यातला हाकलण्याचा भाग आवडत नाही. आईच्या चुकीची शिक्षा मुलाला का? पण आईने येऊन बोलण्याचा भाग शहाणपणाचा आहे, कारण बोलणे दोन्ही बाजूंनी होते. आणि माँटेसरींची एक युक्ती तर आजच्या विषयात सोन्यासारखी आहे. लाकडी चौकटींवर कापड ताणून त्याला बटणे, नाड्या, हुक लावलेले असतात. मूल तासन्‌तास ते लावते आणि सोडवते. आपण समजतो, बोटांना वळण. पण विचार करा, ज्या मुलाला स्वतःचे बटण काढता येते ते मूल उकडल्यावर स्वतः मोकळे होऊ शकते. मग आईला सांगायची गोष्टही बदलते. "सुती घाला" याच्याआधी "त्याला स्वतःला काढता येईल असे घाला" असे म्हणायचे.

आपल्याकडे हे लोण भावनगरला आले. गिजुभाई बधेका हे वकील. त्यांनी १९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढले. लोक त्यांना 'मिशीवाली आई' म्हणत. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ मध्ये तिथे गेल्या, आणि पुढे त्यांनी हे काम महाराष्ट्रात आणले; १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र उभे राहिले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मध्ये गेले.

बोर्डी-कोसबाडला प्रश्न उलटा होता, हे लक्षात घ्या. वारल्यांची मुले जास्त कपडे घालत नव्हती. कॅडोगनला दिसलेली चार चिंध्यांची गोष्ट तीच. तिथे शहरातून जाणाऱ्या शिक्षिकेनेच आपल्या डोक्यातला 'नीटनेटका पोशाख' बाजूला ठेवायला हवा होता. ताराबाईंचे मोठेपण मला इथे दिसते. मुले शाळेत येत नाहीत ना, मग शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. 'अंगणवाडी' हा शब्द आज सरकारी झाला आहे. १९७५ पासूनच्या योजनेमुळे तो देशभर गेला. पण मुळात त्याचा अर्थ, शिक्षिकेने उंबऱ्यापर्यंत जाणे असा आहे. मुलांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हे तिथे आईच्या डोळ्यांदेखत होत असे. आईला काही 'सांगितले' जात नव्हते; आई बघत होती.

आता माझी गोष्ट. १९८२ चा मे महिना, विदर्भातले लग्न, आणि माझा मुलगा चार वर्षांचा. त्या काळी टेरिकॉट म्हणजे प्रतिष्ठा होती. पॉलिएस्टरचे टेरिलीन १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये शोधले गेले, पण आमच्यासारख्या घरांत ते पोचायला बरीच वर्षे गेली, त्यामुळे त्याचे अप्रूप होते. मी मुलाला टेरिकॉटचा सूट शिवून घेतला होता, कोट-पँट, वर छोटा टाय. पत्नी म्हणाली, "अहो, मलमलचा सदरा घालू या, ऊन बघा." मी म्हटले, "चारचौघांत तो काय लंगोट लावून येणार?" मी तेव्हा नुकताच लॉक शिकवून आलो होतो, बरं का! एम.ए.च्या वर्गाला. दुपारी एक वाजता मंडपात पोराने उलटी केली आणि ते माझ्या मांडीवर निपचित पडले. अंग भट्टीसारखे. टाय मला सुटेना. माझ्या सासूबाईंनी दातांनी गाठ सोडवली, ओल्या पंचाने अंग पुसले, हळूहळू पाणी पाजले. मूल वाचले. तो फोटो अजून घरात आहे, उलटीच्या अर्धा तास आधीचा. सगळे म्हणतात, काय गोड दिसतोय.

मला माहीत नव्हते असे नाही. कापूस ओलावा घेतो आणि पॉलिएस्टर घेत नाही, हे तर लहान मुलालाही अंगावर कळते. साधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या ७-८ टक्के ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. पण मंडपातल्या चारचौघांपुढे माझी माहिती टिकली नाही. त्यामुळे आज एखाद्या आईला ताई रागावते, तेव्हा मला त्या आईची बाजू घ्यावीशी वाटते. ती टेरिकॉट घेते कारण ते लवकर वाळते, इस्त्री लागत नाही, विटत नाही, आणि तिला सकाळी सहाला डबा करून कामावर जायचे असते. सुती कपडा तिच्या वेळातून वजा होतो. कित्येक ठिकाणी तर गणवेशच तसा ठरवून दिलेला असतो, टायसकट. मग आईला कशाला बोलायचे? गणवेश ठरवणाऱ्याला बोला.

मागच्या वर्षी एका बालवाडीत मला बोलावले होते. तिथल्या ताईने आईबापांसाठी सूचनांचा कागद काढणे केव्हाच सोडून दिले होते. जुन्या साड्या आणि धोतरे मागून तिने वीसेक बाह्या नसलेले सदरे शिवले होते, पुढे एकच मोठे बटण. मूल आले की ते स्वतः आपला शर्ट काढून खुंटीला लावते आणि सदरा घालते. मार्च ते पाऊस पडेपर्यंत एवढेच. मी असताना एक मूल दमट झालेला शर्ट घालूनच राहिले होते, हट्टाने, कारण त्यावर मोटारीचे चित्र होते. ताईने काही जबरदस्ती केली नाही. अकराच्या सुमाराला त्यानेच काढला. दुपारी त्याची आजी न्यायला आली, तिने खुंटीवरचा शर्ट चाचपला, नातवाच्या पाठीवर हात फिरवला आणि ताईला विचारले, "हे माप कागदावर काढून देता का? घरी दोन शिवते."

ताईने तिला वर्तमानपत्रावर कापून दिले. बरं, वेळ होत आली आहे. प्रश्न असतील तर विचारा; फक्त कांटवर नको, त्याच्यासाठी पुढचा महिना आहे.